प्रश्न तुमचे: लाव्हा, लेणी आणि एका दिवसाची टूर

गेल्या अंकात माणगाव-महाड पट्ट्यातल्या एका दिवसाच्या गाइडेड टूरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, सकाळी कुड्याची लेणी, दुपारी गांधारपाले, उतरत्या उन्हात सवचे गरम झरे, एवढंच. त्यावर पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मिळून एवढं काही आलंय की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. काहींना सविस्तर उत्तर दिलंय, काहींना दोन ओळींत, राग मानू नका.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका टूरवाल्याचं पोस्टर फिरतंय. 'ज्वालामुखी आणि प्राचीन गुहा, एका दिवसात', वर लालभडक लाव्हा उसळतोय असा फोटो. कोकणात ज्वालामुखी कधीपासून आला? हे फसवणं नाही का? (पनवेल)

फोटो कुठल्या तरी परदेशातला असणार, तो त्याने काढावा असं माझं पण मत आहे. कारण मग लोक विचारत बसतात की तोंड कुठाय, धूर कुठाय, आणि आल्यावर हिरमोड होतो. कोकणात ज्वालामुखीचा शंकू नाही, विवर नाही, धगधगतं काहीही नाही. आणि लोणार सांगाल तर ते उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, ज्वालामुखीचं नव्हे, हे दर टूरला कुणीतरी काढतंच म्हणून आधीच सांगून टाकते. भारतातला जिवंत ज्वालामुखी बघायचाच असेल तर तो अंदमानात, बॅरन बेटावर.

पण पोस्टरवाला अगदीच खोटं बोलत नाहीये हो. तुम्ही पनवेलला ज्याच्यावर राहताय ते सगळं लाव्हाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. डोंगराच्या टोकातून कारंज्यासारखा नाही, भेगेतून ओसंडून, पसरत गेला. एक थर आला, थंड झाला, मग कधी लगेच तर कधी हजारो वर्षांनी त्याच्यावर दुसरा, असं करत करत एवढे थर चढले की आजसुद्धा, इतकी झीज होऊन, साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भाग त्याखाली आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. शंकू झाला नाही तो यामुळेच, पातळ लाव्हा साचून डोंगर होत नाही, तो वाहून सपाट होतो. आपले डोंगर नंतर कापले गेलेत, पावसाने आणि नद्यांनी.

आता हे बघायचं कसं, तर महाडकडे जाताना पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते तिच्याकडे नीट बघा. काळा उभा कडा, मग थोडा उतार त्यावर झाडी, परत काळा कडा, परत झाडी. प्रत्येक थराचा आतला भाग घट्ट असतो, तो कडा म्हणून उभा राहतो, आणि वरचा भाग सच्छिद्र, तो लवकर झिजतो म्हणून तिथे उतार होतो, माती धरते, झाडं येतात. रायगडाच्या परिसरात हे टप्पे इतके स्वच्छ दिसतात की मोजता येतील.

त्याहून जवळून बघायचं तर गाइडला सांगा की रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय तिथे सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो, हातभर किंवा त्याहून कमी जाडीचा. बोट लावलं तर भुगा निघतो. हा बहुतेक वेळा खालच्या थराचा माथा उघड्यावर राहून कुजून झालेला असतो, आणि मग वरून नवा गरम लाव्हा आला आणि तो भाजून निघाला. म्हणजे तो पट्टा म्हणजे मधली सुट्टी. त्या पट्ट्याच्या खाली-वर दगडाला भोकं दिसतील. घावण तव्यावर टाकल्यावर जाळी पडते ना, तसंच, आतला वायू वर येताना राहिलेले बुडबुडे. नंतर त्या भोकांमधून पाणी झिरपलं आणि त्यात पांढरे स्फटिक बसले, कुठे गारगोटी, कुठे झिओलाइट, कुठे कॅल्साइट. भिंग असेल तर न्या, मुलांना वेड लागतं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पण चालतं.

मुंबईकरांना एवढं लांब यायचं नसेल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, सुमारे २०० फूट उंच, सरळ उभे कोनेदार खांब. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि खांब होतात. रोज लोकलने बाजूने जाणाऱ्यांपैकी किती जणांनी बघितलीय, जाऊ दे.

एका दिवसात काय काय होईल? एका पॅकेजमध्ये कुडा, गांधारपाले, सव, रायगड रोपवे आणि पन्हाळेकाजी असं पाच ठिकाणं लिहिलंय. (ठाणे)

होईल, गाडीच्या खिडकीतून.

स्पष्ट सांगते, हे पॅकेज घेऊ नका. पन्हाळेकाजी दापोली तालुक्यात आहे, दापोली-खेड रस्त्यावर वाकवलीला आत वळायचं, तो वेगळा दिवस आहे. रायगड तर वेगळा दिवसच हवा, नाहीतर महाराजांचा अपमान. उरले तीन, ते आरामात होतात.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी पहाटे निघावं. मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या अलीकडे इंदापूर लागतं (रायगडमधलं, पुण्याकडचं नव्हे, गुगल मॅपवर एकाने पुण्याचं टाकलं होतं), तिथून तळा आणि पुढे मांदाड. कुडा तिथेच, खाडीच्या डोक्यावर. ऊन चढायच्या आत पोचायचं, दोन तास ठेवायचे. मग उलट माणगावला येऊन जेवण, आणि जेवण करून महाडकडे. गांधारपाले महाडच्या थोडं अलीकडे हायवेवरूनच वर डोंगरात दिसतं, लोक वर्षानुवर्षं खालून जातात आणि वर बघत नाहीत. तिथे दीड-दोन तास. मग सव, सावित्रीच्या काठी. संध्याकाळी परत. यात चौथं ठिकाण घालायचं नाही, त्याऐवजी जिथे आहात तिथे अर्धा तास जास्त बसा, खाडीकडे तोंड करून.

ट्रेनने यायचं तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन बरं पडतं, पुढे गाडी आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी रिक्षावाला मांदाडला यायला कुरकुर करतो आणि त्याचं पण बरोबर आहे, परतीचं भाडं मिळत नाही.

लेण्यांमध्ये खरंच माणसं राहायची का? की नुसती देवळं होती? आमच्या मुलीने विचारलं की झोपायचे कुठे आणि जेवायचे काय. (चिपळूण)

मुलीला शाबासकी सांगा, मोठे हे विचारत नाहीत, मोठे विचारतात 'फोटो कुठून चांगला येतो'.

राहायचे. कुड्याला २६ लेणी आहेत, त्यातली काही पूजेची, म्हणजे आत स्तूप असलेली चैत्यगृहं, आणि बाकी राहायच्या खोल्या. मुलीला घेऊन एका छोट्या खोलीत जा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. भिंतीत कोरलेला दगडी ओटा दिसेल, गुडघ्याएवढा उंच, एक माणूस आडवा होईल एवढा लांब. तो पलंग. वेगळा आणून ठेवलेला नाही, डोंगरातच शिल्लक ठेवलेला आहे, म्हणजे खोली खोदणाऱ्याने आधीच ठरवलं होतं की इथला दगड काढायचा नाही. मग दाराच्या चौकटीवर हात फिरवा, वर आणि खाली गोल खाचा लागतील, त्यात लाकडी दाराची टोकं फिरायची. दारं गेली, खाचा राहिल्या. बाहेर व्हरांड्यात पण अशा खाचा, चौकोनी भोकं दिसतात, तिथे लाकडाचं काही ना काही बसवलेलं होतं. त्या काळात हे सगळं आजच्यासारखं उघडं-बोडकं नव्हतं, लाकूड होतं, गिलावा होता, काही ठिकाणी रंग पण.

बौद्ध भिक्षूंना एरवी फिरायचं असे, पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी राहायचं, तो वर्षावास. कोकणचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार, त्यात पक्कं छप्पर पाहिजेच. जेवणासाठी सकाळी गावात भिक्षेला जायचं आणि दुपारच्या आत खाऊन मोकळं व्हायचं, रात्रीचं जेवण नाही. म्हणजे लेणं गावापासून फार लांब असून चालत नाही आणि फार जवळ पण नको. पाण्यासाठी लेण्याशेजारी खडकात टाकी खोदलेली असतात, वरून चर काढून पावसाचं पाणी त्यात आणलेलं. मुलीला सांगा की टाकं शोधायचं काम तुझं, आणि चर सापडला तर आइसक्रीम. टाक्यात उतरायचं मात्र नाही, खोल असतात आणि शेवाळ.

आणखी एक. याहून फार जुनी, न खोदलेली, निसर्गानेच केलेली गुहा आणि त्यात राहणारी माणसं असं बघायचं तर सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातलं कोळोशी. तिथल्या गुहेत पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळालीत. ती टूरची जागा नाही, पण कोकणात गुहेत राहायला बौद्ध भिक्षू पहिले आले असं कुणी सांगत असेल तर त्याला हे सांगा.

आमचा गाइड म्हणाला की ही पांडवांनी एका रात्रीत कोरली, पहाट झाली म्हणून अर्धवट राहिली. माझा मुलगा इंजिनीअर, तो हसायला लागला. गाइडला राग आला. नक्की कोणी कोरली आणि एवढा कठीण दगड कसा फोडला? (महाड)

गाइडला हसू नये, ही गोष्ट महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक लेण्याला चिकटलेली आहे आणि गावाने तिच्या जोरावर शेकडो वर्षं ती जागा जपली. पण पैसे घेऊन माहिती द्यायची तर पुढचं पण सांगायला पाहिजे ना, कारण इथे खरं उत्तर भिंतीवर लिहिलेलंय.

कुड्याच्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत शिलालेख आहेत, ज्याने पैसे दिले त्याचं नाव. मांदाडचे महाभोज नावाचे सत्ताधारी होते, त्यांची आणि त्यांच्या नात्यातल्या, पदरच्या माणसांची नावं आहेत. ते अपेक्षितच. पण पुढे बघा, एक माळी आहे. एक वैद्य आहे, बाप पण वैद्य. एका ब्राह्मण उपासकाची बायको आहे, तिने चैत्यगृह दिलंय. आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे तो कऱ्हाडचा! घाटावरचा माणूस घाट उतरून मांदाडच्या खाडीवर धंद्याला येतो आणि तिथे लेण्याला पैसे देतो, याचा अर्थ ही खाडी म्हणजे तेव्हाचं चालू बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात या किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी आहे, त्यातलं मंदगोरा म्हणजे आपलं मांदाड असं काही अभ्यासक मानतात. तेव्हा पांडव नाही, माळी आणि लोखंडाचा व्यापारी. मला तर ही गोष्ट जास्त आवडते.

गांधारपाल्याला पण तसंच. तिथे कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचा लेख आहे, त्याने काय काय दिलं त्याची यादीच, लेणं, चैत्यगृह, खोल्या, पाण्याची टाकी, आणि लेण्याला जोडलेली वाटसुद्धा. सोसायटीच्या आवारात देणगीदारांचा बोर्ड असतो त्यातलीच तऱ्हा.

आता कसं फोडलं. तुमच्या मुलाला हे आवडेल. बांधकाम खालून वर जातं, लेणं वरून खाली येतं. आधी डोंगराचा उतार तासून उभी भिंत करायची, मग छताच्या उंचीला आत शिरायचं, छत पूर्ण करायचं आणि मग त्याच दगडावर उभं राहून खाली खाली उतरायचं. परांची बांधायची गरज नाही, पायाखालचा डोंगरच परांची. खांब म्हणजे न काढलेला दगड. चूक झाली तर परत लावता येत नाही. अर्धवट सोडलेलं लेणं म्हणूनच सगळ्यात शिकवणारं, तिथे कडेला छिन्नीचे तिरके घाव एकामागून एक रांगेत दिसतात, टॉर्च सरळ न धरता भिंतीला लावून आडवा धरा म्हणजे सावली पडून उठून येतात.

आणि इथेच तो लाव्हा परत येतो. कारागिरांनी जागा डोळे झाकून निवडलेली नाही. लाव्हाच्या थरांमध्ये सलग, तडे नसलेला, पुरेसा जाड थर पाहिजे, नाहीतर छत कोसळणार. दोन थरांच्या सांध्यात, त्या तांबड्या पट्ट्याजवळ, दगड ठिसूळ आणि पाणी तिथूनच पाझरतं. म्हणून लेणी बऱ्याचदा डोंगरात एकाच पातळीवर रांगेने दिसतात, ती पातळी म्हणजे चांगला थर. गांधारपाल्याला तीसच्या आसपास लेणी आहेत, तिथे हायवेवरून वर बघताना हे आधी बघून घ्या आणि मग चढा. कुठे खांब पडलेत, कुठे दर्शनी भाग गळालाय, तिथे जाऊन दगड बघा, बरेचदा तडा किंवा कुजका सांधा सापडतो. माझं सगळ्या गाइड लोकांना हेच सांगणं असतं की आधी दगड दाखवा मग मूर्ती, उलटं केलं की लोकांना दगड दिसतच नाही.

कुड्याला सहाव्या लेण्यात बाहेर हत्ती आहेत, आत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्यात. आणि काही शतकांनी, महायान (मूर्तिपूजा मानणारा बौद्ध पंथ) काळात, जुन्या भिंतींवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. एकाच भिंतीवर दोन काळ. घाईत गेलात तर हे सगळं एकच वाटतं.

सवच्या झऱ्याचं पाणी गरम आहे म्हणजे खाली अजून लाव्हा आहे ना? भीती नाही ना? (बोरिवली)

नाही आणि नाही.

लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झालाय. जमिनीत जसं खोल जावं तशी उष्णता वाढते, हे कुठेही खणलं तरी. पावसाचं पाणी खोल तड्यांमधून खाली जातं, तापतं आणि दुसऱ्या तड्याने वर येतं, पटकन वर आलं तर गरमच बाहेर पडतं. आता नकाशा घ्या आणि खुणा करा, वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर. साधारण किनाऱ्याला समांतर रेघ पडते. कारण या पट्ट्यात खडकाला खोल तडे आहेत, लाव्हाचे थर पण पनवेलच्या बाजूला समुद्राकडे वाकलेत, जे घाटावर आडवे दिसतात ते इथे कलतात. पश्चिम किनारा तुटून तयार झाला त्या काळातल्या या खुणा.

सवला पाय बुडवून बसता येतं. दापोली-खेड भागातल्या उन्हवऱ्याला मात्र उगमाचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथे हात घालायचा नाही, कुंडात आलेल्या पाण्यात पण आधी अंदाज घ्यायचा. त्वचारोग बरे होतात का असं सहा जणांनी विचारलंय, ते डॉक्टरांना विचारा, मी दगडाची माणूस.

सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात. झेपेल का? (रत्नागिरी)

गांधारपाल्याला पायऱ्या आहेत पण चढ आहे, त्यांनी खाली सावलीत बसून चहा घ्यावा असं मी सुचवेन, रागावतील पण. त्यापेक्षा त्यांच्यासाठी पन्हाळेकाजी निवडा, तिथे लेणी डोंगरमाथ्यावर नाहीत, खाली नदीच्या अंगाला एका ओळीत आहेत. पायऱ्या उतरायच्या, आणि हो, परत चढायच्या, ते आधी सांगून ठेवा.

पन्हाळेकाजी आवडेल त्यांना. २९ लेणी, कोटजाई आणि धाकटी नदीच्या संगमाजवळ. सुरुवात बौद्ध, मग वज्रयान म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध, मग शिलाहार या कोकणच्या राजघराण्याच्या काळात शिव आणि गणपती, मग नाथपंथ, म्हणजे हजारएक वर्षं एकामागून एक वेगवेगळ्या लोकांनी तेच खडक वापरले. १९७० साली इथे शिलाहारांचा ताम्रपट मिळाला, इसवी सन ११३९ चा, त्यात या जागेचं नाव प्रणालक असं आहे, आणि त्यामुळे सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं. एका लेण्यात मधोमध अख्खा खडक ठेवून त्यात शिवाचं देऊळ कोरलंय, छतावर रामायण-महाभारताचे प्रसंग आहेत, मान दुखेपर्यंत बघा. शेवटचं गौर लेणं थोडं बाजूला आहे, तिथे नाथसिद्धांच्या मूर्ती आहेत, ते चुकवू नका, निम्मे लोक तिथवर जातच नाहीत.

कातळशिल्पं का नाही टूरमध्ये? आमच्या सड्यावर एवढी आहेत. (राजापूर)

तुमचा राग कळतो. पण महाडहून रत्नागिरीजवळच्या उक्षीपर्यंत एका दिवसात नेऊन परत आणलं तर लोक मला मारतील. रत्नागिरी-राजापूर हा वेगळा दिवस, खरं तर दोन.

विषय मात्र तोच आहे. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, जांभा दगड म्हणजे हाच थंड झालेल्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, लाखो वर्षं ऊन-पावसात कुजून, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह-अॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून लाल. घराचा चिरा त्याचाच. कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली चित्रं, त्या जांभ्याच्या पाटावर. उक्षीचा हत्ती, कशेळीचा तो प्रचंड हत्ती, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, जांभरूण, आणि देवाचे गोठणे, जिथे होकायंत्राची सुई भलतीकडे फिरते. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ धरून ही नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कधी पूर्ण कॉलम त्यावरच करू. तोवर एक विनंती, शिल्पांवर चपला घालून उभं राहून रील करणाऱ्या पाहुण्यांना तुम्हीच हटकत जा, तुमचा सडा आहे.

आम्ही घेतलेल्या गाइडने कुडा अर्ध्या तासात उरकलं आणि उरलेला वेळ आम्हाला एका दुकानात काजू घ्यायला बसवलं. चांगला गाइड ओळखायचा कसा? (पुणे)

फोनवरच कळतं. विचारा, कुड्याला किती वेळ थांबणार? दीड तासाच्या खाली उत्तर आलं तर फोन ठेवा. विचारा, शिलालेख कुठल्या लेण्यात दाखवणार? तो गडबडला तर समजा. आणि विचारा, जेवण कुठे? कुणाच्या घरी आधी सांगून केलेलं, तांदळाची भाकरी, आमटी-भात, कढी, मासे खात असाल तर मासे, असं म्हणाला तर माणूस गावाशी धरून आहे. पैसे आधी ठरवा, गाडी-जेवण त्यात धरलंय का ते पण. काजू घ्या की, पण परतीच्या वाटेवर.

गारगोट्या आणि स्फटिक उचलून आणले तर चालतात का? माझ्या नातवाला संग्रह करायचाय. (डोंबिवली)

लेण्यांच्या आवारातून खडासुद्धा नाही. कुडा, गांधारपाले, पन्हाळेकाजी ही तिन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, १९५८ चा कायदा आहे, स्मारकाचं नुकसान केलं, नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'अमुक लव्ह तमुक' लिहिणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा.

नातवाला समुद्रावर न्या. अलिबाग-मुरूड पट्ट्यात ओहोटीला खडकाळ किनारा उघडा पडतो तेव्हा काही ठिकाणी काळ्या दगडाची सरळ भिंत बाकीच्या खडकातून आरपार गेलेली दिसते. भेगेत वर चढता चढता थिजलेला लाव्हा तो. आजूबाजूचा दगड झिजला की ती वर उठून दिसते, आणि कुठेकुठे तिच्यातले खांब उभे नसून आडवे असतात, कारण ती दोन्ही बाजूंनी थंड होत गेली. तिथे वहीत चित्र काढायला सांगा, दगडापेक्षा वही सांभाळायला सोपी. भरतीची वेळ बघून जा म्हणजे झालं.

डायनासोर याच लाव्हाने मेले का? (इयत्ता ६ वी, अलिबाग)

बाळा, त्याच सुमाराला मेक्सिकोजवळ एक प्रचंड उल्का पण आदळली होती. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष उल्केला देतात, आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान किती बिघडवलं यावर त्यांची भांडणं चालू आहेत. तू मोठा होऊन निकाल लाव.

पावसाळ्यात आलो तर? धबधबे पण होतील. (नाशिक)

धबधब्यांसाठी वेगळे या. जून ते सप्टेंबर लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पन्हाळेकाजीला नदीचं पाणी वाढतं, महाडला पूर येतो ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. गवत कमरेएवढं, त्यात जनावर. ऑक्टोबर संपत आला की सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत उत्तम, पुढे ऊन खायची तयारी असेल तर.

सोबत पाणी, टोपी, टॉर्च, पायात घट्ट बूट. आतल्या खोल्यांत वटवाघळं असतात, वास येतो, नाकाला रुमाल लावा पण आरडाओरडा करू नका. आणि कड्यांना, लेण्यांच्या कपाळाला आग्या मोहोळ असतं, तेव्हा सेंट-अत्तर मारून यायचं नाही, विडी-सिगरेट नाही, ड्रोन तर अजिबात नाही, परवानगी पण लागते त्याला. माशा उठल्या तर सामान टाकून, डोकं झाकून खाली उतरायचं, पाण्याच्या टाक्यात उडी मारायची नाही.